उंबऱ्यावरचं पालथं सूप

तीन बाजूंना डोंगर आणि चौथ्या बाजूला नदी, अशा जागी एक गाव वसलं होतं. त्या गावात आवाज लवकर विझत नसे. कोणी ढोलावर टिपरू मारलं, की तो ठोका आधी समोरच्या डोंगरावर जायचा, तिथून शेजारच्या डोंगरावर, आणि मग फिरून पुन्हा गावात यायचा. वाजवणारा घरी जाऊन जेवायला बसला तरी त्याचा ढोल अजून कुठेतरी वाजतोच आहे, असं तिथले लोक हसत म्हणायचे.

गावाला ढोलाची हौस मात्र दांडगी. बारसं असो, लग्न असो, बाजारातून नवा बैल आणलेला असो, ढोल हवाच. एकदा कोणाच्या म्हशीला रेडकू झालं म्हणून तिच्या गोठ्यापुढे ढोल वाजवले. म्हैस दावं तोडून नदीपार पळाली आणि दिवसभर आली नाही. रेडकाला दूध पाजायला अख्खी आळी गोळा झाली होती.

म्हणून जुन्या जाणत्यांनी एक रीत घालून दिली. ढोल ज्याचे त्याच्या घरी राहतील, पण टिपरं सगळी चावडीतल्या शिसवी पेटीत. पेटीला कुलूप, आणि किल्ली एका राखणदाराकडे. पेटीतल्या टिपराशिवाय दुसऱ्या कशानेही ढोल वाजवायचा नाही. तसं करणं म्हणजे चोरीचं अन्न खाणं, असं लहान पोरांनाही ठाऊक होतं.

ज्याला वाजवायचं असेल त्याने राखणदाराकडे जायचं. कशासाठी वाजवायचं, कुठून कुठे, आणि कुठवर, ते सांगायचं. मग राखणदार त्या दिवशी सकाळी गावातल्या सगळ्या आळ्यांमधून पायी फिरायचा आणि दारं बघायचा. ज्या घरात बाळंतीण असेल, तापाने फणफणलेलं लेकरू असेल, कोणी शेवटच्या वाटेला लागलेलं असेल, त्या घराने तोंडाने काही सांगायचं नाही. फक्त उंबऱ्यावर सूप पालथं ठेवायचं.

सूप म्हणजे पाखडण्याचं, आवाजाचं. ते पालथं पडलं म्हणजे त्या घराने आपला आवाज खाली ठेवला. आता इतरांनी ठेवावा.

राखणदार ते बघायचा आणि परत येऊन सांगायचा, "वरच्या विहिरीकडून जा. खालच्या आळीत शिरू नका. ऊन डोंगराआड गेलं की टिपरं पेटीत." लोक ऐकायचे. कधी तोंड वाकडं करायचे, पण ऐकायचे. एखादी वरात अर्ध्या वाटेतून मुकाट्याने निघायची, नवरदेव घोड्यावर आवाजाविना बसायचा, आणि वळण पार झालं की पुन्हा ढोल सुरू. पुढे त्या नवरदेवाच्या घरी पाळणा हलला की त्याच्या उंबऱ्यावरही सूप पालथं पडायचं, आणि मग त्याला त्या मुक्या वळणाचा अर्थ कळायचा.

आपली गोष्ट ज्या राखणदाराची, त्याला गाव तात्या म्हणायचं. माणूस वाईट नव्हता. उमेदीच्या काळात तो पहाटेच घराबाहेर पडायचा आणि एकही दार चुकवायचा नाही. त्याचे कान गावात सगळ्यांत तयार. डोंगरावरून फिरून आलेल्या ठोक्यावरून तो सांगायचा, कोणाच्या ढोलाची दोरी सैल झाली आहे आणि कोणाचा हात आज मनापासून पडत नाही.

पण वय झालं, गुडघे धरले. आळ्या चढउताराच्या. एका पावसाळ्यात पाय घसरून पडला, तेव्हा त्याने चावडीच्या कट्ट्यावर बसूनच एक तोड काढली. गावात दवंडी पिटवली, "ज्याच्या घरी अडचण असेल त्याने चावडीवर येऊन सांगावं. जो येणार नाही, त्याची हरकत नाही असं धरलं जाईल."

ऐकायला ते वावगं वाटलं नाही. सुरुवातीला लोक आलेही. एक सासू आली, सुनेला रात्रभर झोप नाही म्हणाली. एक बाप आला, पोराला गोवर निघालाय म्हणाला. तात्याने त्यांची आळी वगळली. मग हळूहळू येणारे कमी झाले, आणि पुढे येईनासेच झाले.

"बघ, गावात आजारपणच राहिलं नाही," तात्या एकदा जेवताना बायकोला म्हणाला.

बायको भाकरी थापत होती. मान वर न करताच म्हणाली, "असं होय. आजारी माणसाने अंथरुणातून उठून, चावडीच्या पायऱ्या चढून तुम्हाला सांगायचं, की मी आजारी आहे म्हणून. आणि मेलेल्याने?"

"घरात दुसरी माणसं असतात की."

"असतात. ती काय करत असतात ते तुम्हाला कधी कळायचं नाही. तुम्ही कधी आजाऱ्याच्या उशाशी बसला नाही. मी पडले तेव्हाही तुमची बहीण बसली होती."

तात्या हसला आणि ताटातलं लोणचं संपवलं. बायकांना बोलायला काय, असं त्याला वाटलं. पण ते वाक्य त्याच्या कानात कुठेतरी राहिलं. त्याच्या कानात सगळंच राहायचं.

लोकांचं म्हणाल तर उंबऱ्यावर सूप ठेवण्याची जुनी सवय काही सुटली नव्हती. दवंडीने रीत बदलते, हाताची सवय बदलत नाही. गरज पडली की घरातलं कोणीतरी सूप पालथं ठेवायचं आणि मनाशी म्हणायचं, तात्या एखाद्या दिवशी येतील, बघतील.

त्या वर्षी देवीची जत्रा जवळ आली. नदीपलीकडच्या गावाने आदल्या जत्रेत ढोलांची लांबच लांब रांग लावून नाव कमावलं होतं. आपल्या गावच्या तरुणांना ते लागलं. त्यांचा म्होरक्या होता केरबा. अंगाने धिप्पाड, बोलायला गोड, आणि ढोल गळ्यात आला की देहभान विसरणारा. तो जत्रेच्या दुपारी साथीदारांना घेऊन चावडीवर आला. येताना तात्यासाठी ताकाचा तांब्या आणायला विसरला नाही.

"तात्या, यंदा मिरवणूक विणकर आळीतून नेतो म्हणतो," केरबा म्हणाला.

विणकर आळी म्हणजे गावातली सगळ्यांत अरुंद आळी. दोन्हीकडे दगडी भिंती, मधून जेमतेम एक बैलगाडी जाईल एवढी वाट. ढोल तिथे शिरला की आवाज भिंतीत अडकायचा, घुमायचा, आणि छातीवर येऊन बसायचा. म्हणूनच केरबाला ती हवी होती. म्हणूनच आजवर कोणी ती घेतली नव्हती.

"विणकर आळी?" तात्या म्हणाला. "तिथून कधी गेलो नाही आपण."

"म्हणून तर. पलीकडच्या गावाला नदीकाठी बसून ऐकू गेलं पाहिजे. तुमच्या काळात गावाचं नाव निघालं, असं लोक म्हणतील."

"आळीत कोणाला अडचण?"

"असती तर आलं नसतं का कोणी सांगायला?" केरबा म्हणाला. त्याने ते काही लबाडीने म्हटलं नाही. दवंडीत ऐकलेलंच तो परत सांगत होता.

तात्याने विणकर आळीच्या दिशेला कान दिला. त्याला एक गोष्ट आठवत होती. विणकर आळीच्या टोकाला एक म्हातारा विणकर राहायचा, त्याला सगळे आबा म्हणत. आबाच्या मागाची खटखट चावडीपर्यंत यायची. तात्याला ती इतकी सवयीची, की तिच्यावरून तो दिवस मोजायचा. खटखट थांबली की आबा जेवायला बसला, पुन्हा सुरू झाली की जेवण झालं. गेले बरेच दिवस ती खटखट आली नव्हती. आबाची बायको सारजा पावसाळ्यापासून खोकत होती, हेही तात्याच्या कानावर होतं. पाणवठ्यावरच्या बायका बोलताना त्याने ऐकलं होतं.

त्याने कोपऱ्यातली काठी हातात घेतली. उठायला म्हणून एक पाय पुढे टाकला. गुडघ्यातून कळ आली.

"कुठं निघालात तात्या?" एकाने विचारलं.

"जरा आळीत डोकावून येतो म्हणतो."

"आत्ता? ऊन बघा कुठं आलं. तुम्ही जाऊन येईतो देवी पालखीत बसून उठेल," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. तात्यालाही हसू आलं.

केरबाने ताकाचं भांडं पुढे केलं. "बसा हो. तुमच्याइतके कान कोणाचे? बसल्या जागी गाव दिसतं तुम्हाला."

तात्याने काठी पुन्हा कोपऱ्यात ठेवली. ताक प्यायला. मनाशी म्हणाला, म्हातारा थकला असेल, म्हणून माग बंद असेल. वाईट काही असतं तर आतापर्यंत कळलं असतं. मग त्याने कमरेची किल्ली काढली आणि पेटी उघडली.

"ऊन डोंगराआड गेलं की परत," तेवढं मात्र त्याने बजावलं.

"शब्द," केरबा म्हणाला.

त्या संध्याकाळी गावाने जे ऐकलं ते आधी कधी ऐकलं नव्हतं. मिरवणूक विणकर आळीत शिरली आणि तिन्ही डोंगर जागे झाले. गुलालाने आळीतली हवा लाल झाली. चावडीच्या कट्ट्यावर बसून तात्या डोळे मिटून ऐकत होता. एकही दोरी सैल नव्हती. सगळ्यांचे हात मनापासून पडत होते. नदीपलीकडच्या गावातले लोक म्हणे काठावर येऊन उभे राहिले.

ऊन डोंगराआड गेलं, तशी टिपरं परत आली. केरबाने शब्द पाळला होता. एक टिपरू कमी नव्हतं, एक क्षण उशीर नव्हता. कोणी काही नियम मोडला, असं म्हणायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात कळलं, विणकराची सारजा गेली.

तात्या काठी टेकत विणकर आळीत गेला. कितीतरी दिवसांनी तो त्या चढावर चालत होता. आबाच्या दाराशी माणसं जमली होती. बायका आत होत्या. तात्या उंबऱ्यापाशी पोचला आणि पुढचं पाऊल त्याला टाकता येईना.

उंबऱ्यावर सूप पालथं होतं. काल-परवाचं नव्हतं. त्याच्या काठाशी धूळ बसली होती, एका बाजूने मुंग्यांनी वाट केली होती. आणि त्याच्या पाठीवर, मधोमध, गुलालाचा थर होता.

माणसं ते सूप ओलांडून आतबाहेर करत होती. कोणी ते उचललं नव्हतं. तात्या खाली वाकला, गुडघ्याची कळ विसरून वाकला, आणि ते उचलायला हात पुढे केला. मग तसाच मागे घेतला. ते उचलण्याचा हक्क आपल्याला आहे असं त्याला वाटलं नाही.

गर्दीच्या कडेला केरबा उभा होता. डोक्यावरचा गुलाल धुतला होता, पण कानामागे थोडा राहिला होता. तात्याने त्याला बाजूला घेतलं.

"तू इथून गेलास. सूप दिसलं नाही तुला?"

केरबाने खाली बघितलं. "दिसलं की. सगळ्यांनाच दिसलं."

"मग?"

"तुम्ही टिपरं दिली होती, तात्या. म्हटलं, तुम्ही बघूनच दिली असणार. सूप आधीचं असेल, उचलायचं राहिलं असेल." त्याने कानामागचा गुलाल पुसला. "टिपरू हातात आलं की आम्ही कुठं बघतो? बघायचं काम तुमचं."

तात्याला त्याच्यावर रागावता आलं असतं, तर बरं झालं असतं. त्याला रागावताही आलं नाही.

सारजाला हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं आणि नदीकाठी नेलं. आबा सगळ्यांबरोबर चालला, सांगितलं ते करत गेला. तात्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही ते काही रागाने नव्हे. तो कोणाकडेच पाहत नव्हता.

दिवसकार्य उरकलं. पाहुणे गेले. एका दुपारी आबा चावडीच्या पायऱ्या चढून वर आला. तात्या एकटाच होता. त्याने घाईने घोंगडी झटकून पसरली.

"बसा, आबा."

आबा बसला. मग म्हणाला, "तात्या, तुमचे कान गावात सगळ्यांत तयार, म्हणून आलो. एक विचारायचं होतं."

"विचारा."

"आपल्या गावात आवाज विझत नाही म्हणतात. डोंगरात जातो आणि परत येतो. बारीक आवाजही येतो का हो?"

तात्याला प्रश्न कळला नाही. "बारीक म्हणजे?"

"म्हणजे असं," आबा म्हणाला. "सारजा कितीतरी दिवस बोलली नव्हती. नुसती पडून. मी तिचा हात धरून बसायचो. जत्रेच्या दिवशी ऊन कलताना तिने डोळे उघडले. चांगले उघडले. मला ओळखलं आणि बोलायला लागली. तेव्हा ढोल दारातच होते."

तात्याने घोंगडीची दशी बोटाला गुंडाळली.

"ओठ हलताना दिसत होते. मी कान तिच्या तोंडाशी नेला. तिचा श्वास कानाला लागला, पण शब्द येईना. मी म्हटलं, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. मग तिला दम लागला, आणि ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. काहीतरी मागत होती, हे कळत होतं. काय, ते कळत नव्हतं."

"मग?"

"मग मी मान हलवली. हो म्हणालो. ऐकू आलं नव्हतं, तरी हो म्हणालो. तिला बरं वाटलं. तसं तोंडावर दिसलं. मग तिने डोळे मिटले."

खालून कोणीतरी गुरं हाकत गेलं. त्यांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज लांब जाईपर्यंत दोघेही बसून राहिले.

"आता मी कशाला हो म्हणालो, तेच मला ठाऊक नाही," आबा म्हणाला. "म्हणून मी सगळंच करतोय. तिची पाटल्यांची जोडी लेकीला दिली. शेजारणीची वाटी आमच्याकडे राहिली होती, ती परत केली. मागावर अर्धं लुगडं होतं, ते पुरं केलं. तिच्या भावाशी माझं बोलणं नव्हतं, त्याच्या दारात जाऊन आलो. तुळशीला पाणी घालतो. मांजरीला दूध ठेवतो. रोज वाटतं, हेच असेल. रात्री वाटतं, हे नव्हतं."

तात्याने बोटाची दशी सोडली. "आबा, मी सूप पाहिलं नाही. मी आलोच नव्हतो. काठी हातात घेतली होती, आणि पुन्हा ठेवली."

"मला माहीत आहे," आबा म्हणाला. त्याच्या आवाजात दोष नव्हता, आणि तेच तात्याला सोसवेना. "पहिले काही दिवस मी आतून दाराकडे बघत होतो. मग वाटलं, आपला डोळा लागला तेव्हा येऊन, बघून गेले असतील. म्हणून तर ढोल आळीच्या तोंडाशी वाजायला लागले तेव्हा मी तिला म्हटलं, घाबरू नकोस, आता वळणावरून परत फिरतील. सूप आहे आपलं."

"चावडीवर एक निरोप धाडला असता, तरी..." तात्याने बोलायला सुरुवात केली आणि स्वतःचंच वाक्य ऐकून तो थांबला.

"घरात तिसरं कोण होतं? आणि तिचा हात माझ्या हातात होता," आबा म्हणाला. "तो सोडून कसा येऊ?"

तात्याला बायकोचं बोलणं आठवलं. ती माणसं काय करत असतात ते तुम्हाला कधी कळायचं नाही. आता कळलं होतं. ती हात धरून बसलेली असतात.

"तर तेवढंच विचारायचं होतं," आबा उठत म्हणाला. "बारीक आवाज परत येतो का."

तात्या खोटं बोलू शकला असता. त्याने डोंगरांकडे पाहिलं. "ढोलाचा येतो, आबा. कुजबूज येत नाही."

"तसंच असेल," आबा म्हणाला. "मलाही वाटलंच होतं."

आणि तो पायऱ्या उतरून गेला.

त्या दिवशी तात्याने पेटीला दुसरं कुलूप घातलं. ठरवलं, की आता या गावात ढोल वाजणारच नाही. लग्नं मुकी झाली, बारशी मुकी झाली. तरुण कुरकुरले, पण कोणी भांडायला आलं नाही. शेवटी आबाच आला.

"मी ऐकलं, तुम्ही टिपरं कोंडलीत म्हणे."

"हो. आता नको ते."

"ढोलाने काय केलं, तात्या? तिला ढोल आवडायचा. आमचं लग्न झालं तेव्हा वरातीत माझ्याकडे बघायचं सोडून ढोलवाल्याकडे बघत होती. वर्षभर चिडवत होतो तिला." तो किंचित हसला, आणि हसू लगेच मावळलं. "कोण जाणे, तेव्हा ती म्हणालीही असेल, वाजू द्या, छान वाजतंय. मी तर तेही ऐकलं नाही."

तात्या पेटीच्या कुलपांकडे बघत राहिला.

"कुलूप लावणं सोपं आहे," आबा म्हणाला. "त्यालाही चालायला लागत नाही. बसल्या जागी होतं."

एवढं बोलून आबा गेला. त्याने टोचून म्हटलं नव्हतं, पण ते वाक्य बायकोच्या वाक्याशेजारी जाऊन बसलं.

पुढच्या लग्नाच्या सकाळी तात्या काठी घेऊन उठला. पेटीची दोन्ही कुलपं काढली आणि केरबाला बोलावणं धाडलं.

"पेटी उचल," तो म्हणाला. "आणि तुझ्या सगळ्या पोरांना माझ्या मागून चालायला सांग."

"कुठं?"

"दारं बघायला. आजपासून टिपरं चावडीवर मिळायची नाहीत. शेवटचं दार बघून झालं, की तिथे मिळतील. ज्याला वाजवायचंय, त्याने आधी चालायचं."

"आणि तुमचे गुडघे?"

"दुखतील," तात्या म्हणाला. "दुखू देत."

त्या दिवसापासून गावात तशी रीत पडली. पुढे म्हातारा राखणदार, हळूहळू, प्रत्येक उंबऱ्याशी थांबत. मागे डोक्यावर पेटी घेतलेला धिप्पाड केरबा. त्याच्या मागे ढोलवाले, रिकाम्या हातांनी. सुरुवातीला पोरं वैतागायची. मग त्यांना घरं कळायला लागली. कोणाकडे बाळंतीण आहे, कोणाची आई अंथरुणाला खिळली आहे, कोणाच्या पोराचा ताप अजून उतरला नाही. पालथं सूप दिसलं, की तात्याच्या आधी केरबाच म्हणायचा, "ही आळी नको." टिपरू हातात येण्याआधीच त्याला दिसायला लागलं होतं.

गाव बदललं, पण एक दार तसंच राहिलं.

वर्षाने पुन्हा देवीची जत्रा आली. तात्याने मुद्दामच विणकर आळी शेवटी ठेवली. आबा मागावर बसला होता. उंबरा झाडलेला, सारवलेला. सूप आत भिंतीला टांगलेलं, सरळ. त्याच्या कामट्यांमध्ये अजून गुलालाचा अंश होता. धुऊनही तो निघाला नव्हता.

"आबा," तात्या दारात उभा राहून म्हणाला, "आळीतून मिरवणूक नको. आम्ही वरच्या विहिरीकडून जातो."

आबाने धोटा थांबवला. "माझ्या घरात आता कोण आजारी आहे? येऊ द्या इथून."

"खरंच सांगताय?"

"तिला आवडायचं."

मग पेटी आबाच्या दाराशीच उघडली. केरबाने टिपरं वाटली. संध्याकाळी मिरवणूक आळीच्या तोंडाशी आली, ढोल सुरू झाले, आळी भरून गेली, तिन्ही डोंगर जागे झाले. पण आबाच्या उंबऱ्यासमोर मिरवणूक पोचली तेव्हा केरबाने आपला हात वर केला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सगळी टिपरं एकदम थांबली.

डोंगरावरून फिरून येणारे ठोके एकामागून एक आले, लहान होत गेले आणि संपले. त्यानंतर आळीत जी शांतता झाली ती त्या गावाने क्वचितच ऐकली असेल. तात्या भिंतीला धरून उभा होता. त्याने आबाकडे पाहिलं.

आबा मागावरून उठला नव्हता. त्याने फक्त मान जराशी आत, रिकाम्या खाटेकडे वळवली होती, आणि कान पुढे केला होता. कोणीतरी तिसऱ्यांदा सांगेल म्हणून वाट बघावी, तसा.

मग त्यानेच हाताने खूण केली, की जा पुढे. ढोल पुढे गेले.

तात्या त्यानंतर जितकी वर्षं राखणदार होता, तितकी वर्षं एकही दार न चुकवता चालला. लोक म्हणायचे, असा राखणदार पुन्हा व्हायचा नाही. ते ऐकून तो काठी टेकत पुढच्या दाराकडे वळे. जे दार त्याने एकदा चुकवलं होतं, ते पुढच्या हजार दारांनी भरून येणारं नव्हतं, आणि हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

तात्पर्य: ज्याला शांततेची सर्वांत जास्त गरज असते, तो ती मागायला येऊ शकत नाही, त्याच्या दाराशी आपल्यालाच जावं लागतं. परवानगी देणाऱ्याने आधी पाहावं, आणि परवानगी मिळालेल्यानेही.